विंडोज उडालं? फॉरमॅट मारण्याआधी हे तपासा

सीपीयूचा पंखा फिरतो, कंपनीचा लोगो येतो, आणि पुढे विंडोज यायच्या जागी काळ्या पडद्यावर इंग्रजीत एक ओळ. नाशिकचं सिडको असो, गंगापूर रोड असो की पिंपळगावचं कृषी सेवा केंद्र, मशीन दुरुस्त करणाऱ्या मला फोन येतो तो एकाच वाक्याचा: "भाऊ, विंडोज उडालं." या वाक्यामागे निदान सहा-सात वेगवेगळे बिघाड असू शकतात. त्यातले निम्मे तरी दुकानात न जाता, पैसे न घालवता सुटतात. त्यामुळे आधी मोबाईल घ्या आणि पडद्याचा फोटो काढा. नेमकी ओळ हातात असली की अर्धं निदान झालंच.

लक्षणं कोणती, आणि त्यांचा रोख कुठे

"नो बूटेबल डिव्हाइस", "रीबूट अँड सिलेक्ट प्रॉपर बूट डिव्हाइस" किंवा "ऑपरेटिंग सिस्टिम नॉट फाउंड": मशीनला विंडोज कुठे आहे तेच सापडत नाही. डिस्क मेली असेलच असं अजिबात नाही.

निळा पडदा आणि "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस": विंडोज सुरू व्हायला लागलं, पण मध्येच त्याला स्वतःचीच डिस्क दिसेनाशी झाली. बहुतेक वेळा बायोसमधली (विंडोजच्या आधी चालू होणारं मदरबोर्डवरचं मूळ सॉफ्टवेअर) सेटिंग बदललेली असते, क्वचित एखादा अपडेट नडतो.

"प्रिपेअरिंग ऑटोमॅटिक रिपेअर" येऊन पुन्हा पुन्हा तिथेच फिरणं: विंडोजच्या फाइल खराब, किंवा डिस्क जायला लागली आहे.

निळ्या पडद्यावर ४८ अंकी रिकव्हरी की मागणं: हा बिघाडच नाही. हे बिटलॉकरचं, म्हणजे डिस्कवरचा डेटा सांकेतिक करून ठेवणाऱ्या विंडोजच्या सोयीचं, कुलूप आहे.

"ग्रब रेस्क्यू": उबुंटू (लिनक्स) टाकून नंतर त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा भाग, विंडोजमधून उडवलेलं असतं; ग्रब हा उबुंटू सुरू करणारा प्रोग्रॅम. इंजिनिअरिंगच्या मुलांचे लॅपटॉप परीक्षेच्या तोंडावर हेच घेऊन येतात.

नवीन विंडोज टाकताना डिस्कची यादी रिकामी दिसणं, किंवा डिस्क दिसते पण "जीपीटी पार्टिशन स्टाइल" असं म्हणून नकार मिळणं; जीपीटी म्हणजे डिस्कचे भाग नोंदवायची नवी पद्धत.

आणि शेवटचं, सगळं चालू आहे पण उजव्या कोपऱ्यात "ॲक्टिव्हेट विंडोज" पुसट अक्षरांत बसलंय.

यातल्या प्रत्येकावर ठरलेलं औषध म्हणजे "फॉरमॅट मारून देतो", म्हणजे डिस्क पुसून विंडोज नव्याने टाकणं. दुकानदाराच्या बाजूने ते समजण्यासारखं आहे. फॉरमॅटला किती वेळ लागणार ते ठाऊक असतं, दर ठरलेला असतो. निदानाला किती वेळ जाईल ते कोणी सांगू शकत नाही. पण केबल ढिली असताना फॉरमॅट मारला, तर महिन्याभरात तेच मशीन तीच ओळ घेऊन परत येतं, आणि तोवर डेटा गेलेला असतो. म्हणून माझा क्रम उलटा आहे. फॉरमॅट सगळ्यात शेवटी.

आधी फुकटातलं

मशीनला लावलेलं सगळं काढा: पेनड्राइव्ह, बाहेरची हार्ड डिस्क, कार्ड रीडरमधलं कार्ड, चार्जिंगला लावलेला मोबाईलसुद्धा. कीबोर्ड-माऊस तेवढे राहू द्या. बायोसमध्ये यूएसबीला पहिला नंबर दिलेला असेल, तर मशीन आधी त्या पेनड्राइव्हवर विंडोज शोधतं आणि काही मशीन तिथेच अडून बसतात. सीपीयूच्या मागच्या बाजूला महिनोन्‌महिने विसरलेला छोटासा पेनड्राइव्ह हे दिसतं त्याहून जास्त वेळा कारण असतं.

मग वीज पूर्ण तोडा. डेस्कटॉपची वायर भिंतीतून काढा आणि पॉवरचं बटण वीस-तीस सेकंद दाबून धरा. लॅपटॉपचा चार्जर काढून तेच करा. अडकलेली डिस्क कधीकधी एवढ्यानेच जागी होते. रीस्टार्टने हे होत नाही, कारण रीस्टार्टमध्ये डिस्कची वीज तुटतच नाही.

बायोसमध्ये डोकावायच्या आधी बिटलॉकर

हा मुद्दा मुद्दाम वर घेतला आहे. अलीकडच्या बऱ्याच लॅपटॉपवर, मायक्रोसॉफ्ट खात्याने लॉगिन केलं की डिस्कला आपोआप कुलूप लागतं. विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून तर हे आणखी सर्रास झालं. मालकाला पत्ताच नसतो. मग कोणीतरी बायोसमध्ये जाऊन सिक्युअर बूट बंद करतं किंवा टीपीएम (किल्ल्या सांभाळणारी सुरक्षा चिप) क्लिअर करतं, आणि पुढच्या क्षणी ४८ अंक मागणारा निळा पडदा हजर.

म्हणून बायोसमध्ये काहीही बदलायच्या आधी दुसऱ्या मोबाईलवरून किंवा कॉम्प्युटरवरून आपल्या मायक्रोसॉफ्ट खात्यात जा, डिव्हाइसच्या यादीत रिकव्हरी की आहे का बघा, आणि कागदावर उतरवून ठेवा. लॅपटॉप ऑफिसने दिलेला असेल तर की ऑफिसच्या आयटीवाल्याकडे असते. पोराने घेऊन दिलेला लॅपटॉप असेल तर सेटअप करताना कोणाचं खातं टाकलं होतं ते आठवा; की त्या खात्यात असणार. बऱ्याचदा ती पुण्यात नोकरीला असलेल्या मुलाच्या खात्यात सापडते.

बायोस नुसतं बघायला हरकत नाही. की हाती येईपर्यंत बदल करू नका, एवढंच.

आता बायोस: दोन गोष्टी बघायच्या

डेस्कटॉपला बहुधा डिलीट, डेलला एफ२, एचपीला एफ१०, आसुसच्या लॅपटॉपला एफ२. लोगो दिसताच टकटक दाबत राहा. लॅपटॉपवर कधी एफएन बटणही सोबत दाबावं लागतं.

पहिली गोष्ट, डिस्कचं नाव दिसतंय का? दिसत असेल तर डिस्कला वीज मिळतेय आणि ती बोलतेय. मग गडबड पुढची आहे: बूटचा (मशीन सुरू होण्याचा) क्रम, मोड किंवा बूटच्या फाइल. बूटच्या यादीत "विंडोज बूट मॅनेजर" अशी नोंद असेल तर तिला पहिला नंबर द्या, सेव्ह करून बाहेर पडा. ग्रब रेस्क्यूवाल्यांचा प्रश्न सहसा इथेच मिटतो.

नाव दिसतंय पण ते भलतंच आहे, किंवा आकार शून्य आहे, तर गाडी वेगळ्या रुळावर गेली. एका विशिष्ट कंट्रोलरच्या स्वस्त एसएसडी बिघडल्या की कंपनीचं नाव जाऊन त्या जागी "साटाफर्म एस११" असं दिसायला लागतं. याचा अर्थ एसएसडीचं फर्मवेअर, म्हणजे तिला चालवणारं आतलं सॉफ्टवेअर, खराब झालं. तिला केबल बदलून किंवा फॉरमॅट करून काही होत नाही. डेटा हवा असेल तर खाली "इथे थांबा" मध्ये वाचा.

दुसरी गोष्ट, तारीख आणि वेळ. तारीख पाच-दहा वर्षं मागे गेली असेल तर मदरबोर्डवरचा सेल संपला आहे.

शंभर रुपयांच्या आतला सेल

याच्यावर जरा थांबतो, कारण "पुन्हा पुन्हा तेच होतं" या तक्रारीचं मूळ जुन्या डेस्कटॉपमध्ये फार वेळा इथे असतं. सीआर २०३२ हा नाण्याएवढा, ३ व्होल्टचा सेल मदरबोर्डचं घड्याळ चालू ठेवतो. जुन्या बोर्डांत बायोसच्या सेटिंगही त्याच्याच जिवावर टिकतात. सीपीयूची वायर भिंतीत आणि बटण चालू असेल तोवर बोर्डला थोडी वीज मिळत राहते, सेलवर ताण येत नाही. मेन स्विच पाडला की सगळा भार सेलवर.

म्हणून लक्षण असं दिसतं: रोज नीट चालतं, पण सुट्टीच्या आधी ऑफिसचा मेन स्विच पाडून गेलं की परत आल्यावर मशीन चालू होत नाही. सातपूर-अंबडच्या छोट्या कारखान्यांमधून हे नेहमी ऐकू येतं. रात्रीत काय होतं? सेल संपलेला, सेटिंग उडाल्या, बायोस मूळपदावर गेलं. आधी साटाचा मोड (डिस्कशी बोलायची पद्धत) एएचसीआय होता, आता आयडीई किंवा रेड झाला. मशीन सुरू करायची पद्धत आधी यूईएफआय (नवी) होती, आता लेगसी (जुनी). विंडोज तसंच्या तसं डिस्कवर आहे, पण त्याला दरवाजाच सापडत नाही. मग कोणीतरी फॉरमॅट मारतं. फॉरमॅट मारताना सेटिंग पुन्हा बदलल्या जातात, नवीन विंडोज त्यांच्यावर बसतं, चालतं, आणि पुढच्या सुट्टीनंतर सेटिंग उडून पुन्हा तोच खेळ.

मल्टिमीटर असेल तर सेल मोजा. २.७ च्या आसपास किंवा खाली आला असेल तर बदला. वायर काढून, झाकण उघडून, बाजूची पत्री क्लिप नखाने सरकवली की सेल उडी मारून बाहेर येतो. नवीन बसवताना अधिकची बाजू वर. लॅपटॉपमधला सेल बऱ्याचदा वायरचा असतो आणि मागचं झाकण उघडावं लागतं, तो ज्याचा हात बसलाय त्याच्याकडून बदलून घ्या.

नंतर बायोसमध्ये तारीख लावा आणि साटा मोड एकदा एएचसीआयवर, नाही जमलं तर पूर्वीच्या दुसऱ्या मोडवर करून बघा. निळा "इनॲक्सेसिबल बूट डिव्हाइस" आला तर घाबरू नका, मोड उलटा करा. अकराव्या पिढीच्या आणि पुढच्या इंटेल लॅपटॉपवर "व्हीएमडी" नावाची (डिस्क सांभाळायच्या इंटेलच्या पद्धतीची) सेटिंग असते. चालू असताना विंडोज टाकलं असेल तर ती बंद केल्यावर हाच निळा पडदा येतो.

तारीख चुकलेली असण्याचा दुसरा त्रासही लक्षात ठेवा. विंडोज चालू झालं तरी जीएसटीची साइट उघडत नाही, ब्राउझर "कनेक्शन सुरक्षित नाही" म्हणतो, विंडोजचं ॲक्टिव्हेशन अडतं. लोक इंटरनेटवाल्याला फोन लावतात. आधी घड्याळाकडे बघा.

केबल आणि धूळ

डिस्क बायोसमध्ये दिसत नाही, किंवा कधी दिसते कधी नाही, तर झाकण उघडा. वीज तोडून. साटाच्या दोन केबल असतात, ७ पिनची डेटाची आणि १५ पिनची पॉवरची. दोन्ही काढून पुन्हा घट्ट बसवा, डेटाची केबल बदलून बघा, मदरबोर्डवरचं पोर्ट बदलून बघा. केबल फार महाग नसते.

लासलगाव-पिंपळगावकडे कांद्याच्या खळ्यावरच्या ऑफिसातले सीपीयू उघडले की आत पापुद्र्यांचा आणि धुळीचा थर निघतो. इगतपुरी-त्र्यंबककडे पावसाळ्यात पिनांवर ओल बसून काळपटपणा येतो. ब्लोअरने धूळ काढा, पण काढताना पंखे बोटाने धरून ठेवा. टायरमध्ये हवा भरायचा कॉम्प्रेसर वापरू नका, त्यात पाणी असतं.

केबलचा दोष की डिस्कचा, हे ओळखायची एक खात्रीची खूण आहे. मशीन चालू होत असेल, किंवा डिस्क दुसऱ्या कॉम्प्युटरला लावता येत असेल, तर क्रिस्टलडिस्कइन्फो हे फुकट सॉफ्टवेअर चालवा. ०५, सी५, सी६ (डिस्कवरच्या खराब जागांची मोजणी) या ओळींत शून्याऐवजी आकडा असेल आणि तो वाढत असेल, तर डिस्क स्वतः खराब होतेय. पण सी७ म्हणजे सीआरसीचा (डेटा ये-जा करताना झालेल्या चुकांचा) आकडा वाढत असेल आणि बाकी तिन्ही शून्य, तर डिस्क ठणठणीत आहे, केबल किंवा जोडणी नडतेय. केबल बदलल्यावर सी७ चा आकडा कमी होत नाही, फक्त वाढायचा थांबतो. एवढं माहीत नसल्यामुळे चांगल्या डिस्क भंगारात गेलेल्या पाहिल्या आहेत.

पट्टीसारखी एम.२ एसएसडी असेल तर तिचा स्क्रू बघा. स्क्रूशिवाय ती तिरकी उभी राहते आणि संपर्क सुटतो. शिवाय एम.२ मध्ये साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार आहेत, आणि स्लॉट कुठला चालवतो ते मदरबोर्डच्या पुस्तिकेत बघावं लागतं. दिसायला सारख्या, चालायला नाहीत. फार जुन्या बोर्डावर ॲडॉप्टर लावून घेतलेली एनव्हीएमई विंडोजमध्ये दिसते, पण तिच्यावरून बूट होत नाही. तो बोर्डाचा दोष, एसएसडीचा नाही.

नवी एसएसडी, जुनी डिस्क, आणि चुकीच्या जागी राहिलेल्या बूट फाइल

हा माझ्या मते सगळ्यात जास्त फसवणारा बिघाड. गोष्ट अशी घडते. मशीन हळू चालतं म्हणून एसएसडी टाकली, जुनी हार्ड डिस्क डेटासाठी तशीच ठेवली. विंडोज एसएसडीवर टाकलं, झकास चालू झालं. वर्ष-दोन वर्षांनी जुनी डिस्क मेली किंवा काढून टाकली, आणि एसएसडी चांगली असूनही "नो बूटेबल डिव्हाइस".

कारण यूईएफआय मशीन विंडोज थेट शोधत नाही. ते एक छोटं, साधारण १०० एमबीचं, फॅट३२ पार्टिशन शोधतं. त्याला ईएफआय सिस्टिम पार्टिशन म्हणतात आणि विंडोज सुरू करायच्या फाइल त्यात असतात. विंडोज टाकताना जुन्या डिस्कवर असं पार्टिशन आधीच असेल, तर सेटअप तेच वापरतं, नवं बनवत बसत नाही. म्हणजे घर एसएसडीवर आणि किल्ली जुन्या डिस्कवर.

मशीन चालू असतानाच हे तपासता येतं. स्टार्टवर उजवी क्लिक, डिस्क मॅनेजमेंट. सी ज्या डिस्कवर आहे त्याच डिस्कवर "ईएफआय सिस्टिम पार्टिशन" लिहिलेलं दिसतंय का? दुसऱ्या डिस्कवर असेल तर आत्ताच दुरुस्त करा, मशीन चालतंय तोवर सोपं आहे.

बिघडल्यावरची दुरुस्ती अशी. विंडोजच्या पेनड्राइव्हने (तो कसा बनवायचा ते खाली आहे) मशीन सुरू करा, पहिल्याच पडद्यावर शिफ्ट आणि एफ१० दाबा, काळी खिडकी उघडेल. कमांड अर्थातच इंग्रजी अक्षरांत टाईप करायच्या. "डिस्कपार्ट", मग "लिस्ट व्हॉल्यूम". इथे सी हे अक्षर खरंच तुमच्या विंडोजलाच मिळालंय का बघा. पेनड्राइव्हवरून उघडल्यावर अक्षरं बऱ्याचदा बदलतात. विंडोजचा व्हॉल्यूम सिलेक्ट करून "श्रिंक डिझायर्ड=३००" ने जागा मोकळी करा, मग "क्रिएट पार्टिशन ईएफआय साइझ=२६०", "फॉरमॅट क्विक एफएस=फॅट३२", "असाइन लेटर=झेड", "एक्झिट". शेवटी "बीसीडीबूट सी:\विंडोज /एस झेड: /एफ यूईएफआय". सीच्या जागी तुमचं जे अक्षर असेल ते. फाइल तयार झाल्याचा संदेश आला की पेनड्राइव्ह काढून रीस्टार्ट.

दोन इशारे. ही कृती डिस्क जीपीटी असेल तरच लागू. "लिस्ट डिस्क" मध्ये जीपीटीच्या रकान्यात चांदणी दिसली पाहिजे. विभागणीच्या जुन्या, एमबीआर पद्धतीची डिस्क असेल तर आधी "एमबीआरटूजीपीटी" हे विंडोजचंच साधन लागतं. आणि डिस्कपार्टमध्ये "क्लीन" हा शब्द चुकूनही टाकू नका. तो काहीही न विचारता त्या डिस्कवरची सगळी पार्टिशन एका झटक्यात पुसतो. यूट्यूबवर "बूटरेक /फिक्सबूट" सगळीकडे सांगतात. अशा मशीनवर त्याला बऱ्याचदा "ॲक्सेस इज डिनाइड" हेच उत्तर मिळतं, त्याच्यामागे वेळ घालवू नका.

पुढच्या वेळी हे टाळायचं असेल तर विंडोज टाकताना नवीन एसएसडी सोडून बाकी सगळ्या डिस्कच्या केबल काढून ठेवा. क्लोन केलं (जुनी डिस्क जशीच्या तशी नवीवर उतरवली) असेल तरीही पहिल्यांदा सुरू करताना जुनी डिस्क काढलेलीच हवी.

नवीन विंडोज टाकायचंच असेल तर

वरचं सगळं झालं आणि स्टार्टअप रिपेअर, सिस्टिम रिस्टोअर, शेवटचा अपडेट काढणं, हेही करून झालं, तरच इथे या. आणि आधी डेटा काढा. टॅली असेल तर लायसन्स सरेंडर करा आणि डेटाचं फोल्डर नेमकं कुठे आहे ते टॅलीतच बघा, अंदाजाने डी ड्राइव्ह कॉपी करू नका. लग्नपत्रिका, फ्लेक्स छापणाऱ्यांनी जुने मराठी फॉन्ट वेगळे काढून ठेवा, नाहीतर नंतर जुन्या फाइल उघडतात पण अक्षरांच्या जागी भलतंच दिसतं.

पेनड्राइव्ह किमान ८ जीबीचा घ्या आणि मायक्रोसॉफ्टच्या साइटवरच्या मीडिया क्रिएशन टूलने बनवा. आयएसओ फाइल नुसती कॉपी करून पेनड्राइव्ह बूट होत नाही.

"जीपीटी पार्टिशन स्टाइल" म्हणून नकार आला की लोक सगळी पार्टिशन उडवतात. गरज नसते. पेनड्राइव्ह लेगसी पद्धतीने सुरू झालेला असतो, एवढंच. बूट मेनूत तोच पेनड्राइव्ह दोनदा दिसतो, एकदा साधा आणि एकदा पुढे "यूईएफआय:" लावून. दुसरा निवडा, नकार गायब होतो. बूट मेनू बहुतेक डेल-लेनोव्होवर एफ१२, एचपीवर एफ९.

डिस्कची यादीच रिकामी असेल आणि मशीन अकराव्या पिढीचं किंवा नवीन इंटेलचं असेल, तर लॅपटॉप कंपनीच्या साइटवरून रॅपिड स्टोरेजचा ड्रायव्हर घ्या, उलगडून पेनड्राइव्हवर टाका आणि "लोड ड्रायव्हर" मधून दाखवा. डिस्क लगेच दिसते.

विंडोज १० चा आधार १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. विंडोज ११ ला टीपीएम २.० आणि साधारणपणे इंटेलची आठवी पिढी किंवा पुढचा प्रोसेसर लागतो. "टीपीएम नाही" असा निरोप आला तर आधी बायोसमध्ये पीटीटी किंवा एफटीपीएम (प्रोसेसरमधला टीपीएम) चालू करून बघा, बऱ्याच डेस्कटॉपवर ते नुसतं बंद असतं. खरंच जुनं मशीन असेल आणि काम फक्त ब्राउझर, ईमेल, पत्रं एवढंच असेल, तर लिनक्स मिंट टाका. टॅलीवाल्यांनी तो विचार करू नये.

लायसन्सचा घोळ

एसएसडी बदलल्याने लायसन्स जात नाही. हे ठासून सांगतो, कारण "नवीन डिस्क, नवीन की" असं म्हणून पैसे घेतले जातात. लायसन्स मुख्यतः मदरबोर्डशी बांधलेलं असतं. विंडोज ८ पासून, म्हणजे २०१२ पासून, कंपनीच्या लॅपटॉपमध्ये की बायोसमध्येच लिहिलेली असते. सेटअप करताना की विचारली तर "आय डोन्ट हॅव अ प्रॉडक्ट की" निवडा, आधीचीच आवृत्ती टाका, इंटरनेट जोडा. ते आपोआप ॲक्टिव्हेट होतं.

अडतं ते इथे: लॅपटॉपसोबत तुम्ही विंडोज होमचे पैसे भरलेले असतात, आणि दुकानात फॉरमॅट मारताना वर प्रो टाकून मिळतं. होमचं लायसन्स प्रोला चालत नाही. मग क्रॅक मारला जातो. म्हणजे खरं लायसन्स खिशात असताना चोरीचं वापरायचं. तपासायला विंडोज चालू असताना कमांड प्रॉम्प्टच्या काळ्या खिडकीत "एसएलएमजीआर /डीएलआय" टाका. "ओईएम" (मशीनसोबत आलेलं) किंवा "रिटेल" (वेगळं विकत घेतलेलं) दिसलं तर ठीक. घरच्या मशीनवर "व्हॉल्यूम" आणि "केएमएस" (संस्थांना एकगठ्ठा दिलेलं लायसन्स) दिसलं तर ते आपलं नाही. खऱ्या केएमएसची मुदत १८० दिवसांची असते आणि ती कंपनीच्या सर्व्हरवरून वाढते. घरात असा सर्व्हर कुठून येणार? उपाय एकच, डेटा काढून पुन्हा होम टाकणं. प्रोवरून होमवर थेट उतरता येत नाही.

क्रॅक चालवायला आधी अँटिव्हायरस बंद करायला सांगतात. ज्या मशीनवरून बँकेचे व्यवहार होतात तिथे मी हे करून देत नाही, ग्राहक नाराज झाला तरी. तीन-चारशे रुपयांना ऑनलाइन मिळणाऱ्या कीही बहुतेक कुठल्यातरी संस्थेच्या व्हॉल्यूम लायसन्सच्या असतात, चालतात आणि एक दिवस बंद पडतात.

मदरबोर्ड बदलला तर मात्र प्रश्न खरा आहे. रिटेल लायसन्स नव्या मशीनवर नेता येतं, ओईएम जुन्या बोर्डासोबत जातं. रिटेल असेल तर बोर्ड बदलायच्या आधी ते मायक्रोसॉफ्ट खात्याशी जोडून ठेवा, नंतर ॲक्टिव्हेशनच्या ट्रबलशूटरमध्ये "हार्डवेअर बदललं" हा पर्याय निवडून ते परत घेता येतं. बोर्ड वॉरंटीत बदलला जात असेल तर की नव्या बोर्डात टाकून मागा.

इथे थांबा

हार्ड डिस्कमधून टक-टक किंवा घासल्याचा आवाज येतोय: मशीन लगेच बंद करा आणि पुन्हा "एकदा बघू" म्हणून चालू करू नका. आतलं हेड तबकडीवर घासत असेल तर दर मिनिटाला डेटा कमी होतो. डिस्क फ्रीजमध्ये ठेवायचा सल्ला व्हॉट्सॲपवर फिरतो, तो ओलीमुळे नुकसानच करतो. अशी डिस्क दुकानाच्या टेबलावर कोणाला उघडू देऊ नका. डेटा रिकव्हरीची धूळमुक्त खोली ज्यांच्याकडे आहे त्यांच्याकडेच द्या, आणि देण्याआधी निदानाचे किती आणि डेटा नाही मिळाला तर किती, हे लेखी घ्या.

एसएसडी भलतं नाव दाखवतेय किंवा आकार शून्य: तेच. आणि एसएसडीवरून चुकून पुसलेल्या डेटाची आशा कमी धरा, ट्रिममुळे (पुसलेली जागा मोकळी करायची एसएसडीची सोय) तो बहुतेक लगेच खरोखरच जातो.

बिटलॉकरची की कुठेच सापडत नाही: कोणीही ती तोडून देऊ शकत नाही. "करून देतो, ॲडव्हान्स द्या" म्हणणाऱ्याला पैसे देऊ नका.

कारखान्यातल्या सीएनसी मशीनला जोडलेला पीसी: अजिबात हात लावू नका, विंडोज एक्सपी दिसलं तरी. त्यात मशीनचे पॅरामीटर आणि स्वतंत्र लायसन्स असतं. आधी डिस्कची हुबेहूब प्रत काढणारा माणूस हवा आणि मशीन बनवणाऱ्या कंपनीचा इंजिनिअर हवा.

सीपीयूला हात लावल्यावर झिणझिण्या येतात, किंवा जळका वास येतो: हा कॉम्प्युटरवाल्याचा नव्हे, वायरमनचा विषय. जुन्या नाशकातल्या, पंचवटीतल्या वाड्यांमध्ये अर्थिंग नसणं नवीन नाही, आणि त्यात पॉवर सप्लायसोबत डिस्कही जाते.

मशीन दुकानात द्यायचंच झालं तर पहिल्या पडद्याचा तो फोटो सोबत द्या, आतापर्यंत काय तपासलं ते सांगा, आणि पावतीवर "डेटा ठेवून, विचारल्याशिवाय फॉरमॅट नाही" असं लिहून घ्या. डिस्क बदलली तर जुनी डिस्क परत मागा. खराब म्हणून काढलेल्या डिस्कवरही तुमचे आधार, पॅन आणि बँकेचे कागद असतात.